दोन माणसं, एक वर्ष

रोमच्या कॅपिटोलाइन टेकडीवरच्या ज्युपिटरच्या देवळात, उजव्या अंगाला, मिनर्व्हा देवीच्या गाभाऱ्याच्या बाजूला एक जुना कायदा लावलेला होता. अक्षरं जुन्या वळणाची, शब्दही जुने. आज्ञा एवढीच की, जो कोणी प्रेटर मॅक्सिमस, म्हणजे प्रेटरांमधला थोरला असेल, त्याने १३ सप्टेंबरला एक खिळा ठोकावा. ऑगस्टसच्या काळात रोमचा इतिहास लिहिणाऱ्या लिव्हीने ही हकीकत नोंदवली आहे आणि कारणही सांगितलं आहे. त्या काळी लिहिणं-वाचणं फारसं नव्हतं, म्हणून सरलेली वर्षं खिळ्यांनी मोजायची.

या कायद्यातला एक शब्द खटकतो. राजे गेल्यावर रोमची सत्ता कॉन्सलांकडे आली, हे रोममधलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मग खिळा ठोकणारा प्रेटर कसा? उत्तर लिव्हीच्याच ग्रंथात दुसरीकडे सापडतं. सुरुवातीला या सर्वोच्च अधिकाऱ्याला कॉन्सल म्हणतच नव्हते, प्रेटर म्हणत. कॉन्सल हे नाव मागाहून आलं, आणि ते आल्यावर मात्र इतकं टिकलं की रोमचं प्रजासत्ताक गेलं, साम्राज्य गेलं, तरी नाव राहिलं. आजही मुंबईत परदेशी वकिलातींच्या पाट्यांवर ते दिसतं. मराठीत आपण त्याला वाणिज्यदूत म्हणतो. व्यापाराशी या पदाचा संबंध जुळला तो फार उशिरा.

परंपरा सांगते ती अशी. इ. स. पूर्व ५०९ मध्ये टार्क्विनियस सुपर्बस या सातव्या राजाला रोमकरांनी घालवून दिलं. राजपुत्राने लुक्रेशिया या विवाहितेवर बलात्कार केला होता. तिने वडिलांना आणि नवऱ्याला बोलावून सगळं सांगितलं आणि त्यांच्यादेखत स्वतःला संपवलं. त्यातून उठाव झाला. तिचा नवरा लुसियस टार्क्विनियस कोलॅटिनस आणि राजाचाच भाचा लुसियस जुनियस ब्रूटस हे दोघे पहिले सत्ताधारी. ब्रूटसच्या दोन तरुण मुलांनी राजाला परत आणण्याच्या कटात हात घातला आणि ते पकडले गेले. शिक्षा फर्मावणं बापाच्याच वाट्याला आलं. त्याने ती फर्मावली आणि तिची अंमलबजावणी होईपर्यंत तो तिथेच थांबला. कोलॅटिनसचा स्वतःचा काही गुन्हा नव्हता, पण त्याच्या नावात टार्क्विनियस होतं आणि लोकांना तेही सोसवेना. त्याला पद सोडून शहराबाहेर जावं लागलं.

यातलं किती घडलं आणि किती नंतरच्या पिढ्यांनी रचलं, याचा निवाडा करणं कठीण आहे. पहिल्या काही दशकांच्या नामावळ्यांवर अभ्यासक पुरता भरवसा ठेवत नाहीत. सुरुवातीला एकच थोरला अधिकारी असावा आणि बरोबरीचे दोघे पुढे आले असावेत, असंही काहींचं मत आहे. खिळ्याच्या कायद्यातला 'थोरला' त्यांच्या मदतीला येतो. पण कथा रचणाऱ्यांच्या मनात काय होतं, ते या कथेत लख्ख दिसतं. राजा परत येईल, किंवा आपल्यातलाच कोणी राजा होऊन बसेल, ही ती धास्ती. म्हणून त्यांनी राजाची सत्ता मोडली नाही, तिला मुदत घातली आणि तिची वाटणी केली. सैन्य, न्याय, सिनेट बोलावणं, निवडणूक घेणं, सगळं तसंच ठेवलं. फक्त ते दोघांच्या हाती दिलं, वर्षभरासाठी. आणि वाटणी अशी की अर्धी सत्ता एकाला, अर्धी दुसऱ्याला असं नाही. पूर्ण सत्ता दोघांनाही, आणि एकाने हुकूम काढला तर दुसरा तो अडवू शकतो.

ही तरतूद रस्त्यावर डोळ्यांना दिसत असे. प्रत्येक कॉन्सलपुढे १२ लिक्टर, म्हणजे चोपदार, एकामागोमाग एक चालत. प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर छड्यांची, चामड्याच्या वादीने आवळलेली मोळी. शहराच्या सीमेबाहेर त्या मोळीत कुऱ्हाड खोवलेली असे, शहरात शिरताना ती काढून ठेवत. फटके मारण्याचा आणि डोकं उडवण्याचा अधिकार कॉन्सलकडे आहे, पण रोमच्या वेशीच्या आत नागरिकाला लोकांकडे दाद मागता येते, हे त्या काढलेल्या कुऱ्हाडीवरून कोणालाही समजे. दोघे कॉन्सल शहरात असले की मोळ्यांचा मान एक महिना एकाला, दुसरा महिना दुसऱ्याला. कोलॅटिनसच्या जागी आलेल्या व्हालेरियसने तर जमलेल्या लोकांसमोर आपल्या मोळ्या खाली झुकवायला लावल्या, असं सांगतात. तो प्रघातच पडला.

आता नावाकडे वळू. प्रेटर म्हणजे पुढे चालणारा. सैन्याच्या आघाडीवर चालणाऱ्यासाठी साधं, सरळ नाव. कॉन्सलचं तसं नाही. त्यावर खुद्द रोमन पंडितांचंच एकमत नव्हतं. सीझरच्या काळातला व्हारो हा मोठा विद्वान म्हणे, हे नाव 'कॉन्सुलेरे' या क्रियापदावरून आलं आणि त्याचा अर्थ विचारणं. जो लोकांना आणि सिनेटला विचारतो तो कॉन्सल. व्हारोच्या आधीच्या पिढीतला अ‍ॅक्सियस हा नाटककार. त्याने ब्रूटसवर नाटक लिहिलं होतं, त्यात तो याच क्रियापदाची दुसरी छटा धरतो. त्याच्या लेखी कॉन्सल म्हणजे नीट काळजी वाहणारा, हित पाहणारा. इ. स. पहिल्या शतकातला वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन तिसरी शक्यता मांडतो. जुन्या लोकांच्या तोंडी हेच क्रियापद न्याय देण्यासाठीही होतं, तेव्हा कॉन्सल म्हणजे निवाडा करणारा असेल काय? वक्ता आणि राजकारणी सिसेरोने तर आपल्या कायद्यांवरच्या ग्रंथात हा गुंता एका वाक्यात सामावून घेतला. राजाची सत्ता दोघांकडे असावी, पुढे चालतात म्हणून त्यांना प्रेटर म्हणावं, न्याय देतात म्हणून न्यायाधीश आणि तिसऱ्या कामावरून कॉन्सल. पद एकच, नावं तीन.

एकोणिसाव्या शतकात थिओडोर मॉमसेन या जर्मन इतिहासकाराने वेगळाच धागा काढला. त्याने 'उडी मारणं' या अर्थाच्या धातूकडे बोट दाखवलं. देशाबाहेर उडी घेतलेला तो 'एक्सुल', म्हणजे हद्दपार; पुढे नाचणारा तो 'प्रेसुल'; मग बरोबरीने पावलं टाकणारे ते कॉन्सल. दोघांची जोडी हेच या पदाचं मर्म, असं त्याला म्हणायचं होतं. कल्पना देखणी आहे, पण भाषाशास्त्रज्ञांनी ती पुढे बहुतांशी सोडून दिली. आता कल आहे तो 'घेणं, गोळा करणं' या अर्थाच्या धातूकडे. 'सिनेटला कॉन्सुलेरे करणं' हा रोममधला नित्याचा वाक्प्रयोग होता. सिनेटरांना एका जागी गोळा करायचं आणि त्यांचं मत घ्यायचं. वाद पुरता मिटलेला नाही. मला स्वतःला व्हारोचं म्हणणं गाभ्यात बरोबर वाटतं. व्याकरणात तो कमी पडला असेल, पण सत्ता हाती असूनही ज्याला विचारणं भाग आहे असा माणूस, हीच या पदाची खूण होती.

नावाचं जुनं रूप दगडावर राहिलं आहे. अप्पियन रस्त्यालगत स्किपिओ घराण्याचं भूमिगत दफनगृह आहे. तिथे इ. स. पूर्व २५९ चा कॉन्सल लुसियस कॉर्नेलियस स्किपिओ याच्या शवपेटीवर त्याची पदं लिहिली आहेत, आणि तिथे शब्द आहे 'कोसोल'. मधला 'न्' बोलण्यात केव्हाच गळाला होता. त्यामुळे नाणी, दगड आणि कागदपत्रं यांत हे पद पुढे शतकानुशतकं 'कोस' अशा तीन रोमन अक्षरांतच लिहिलं गेलं.

नाव बदललं केव्हा? झोनारास या बायझंटाइन लेखकाने जपलेली परंपरा इ. स. पूर्व ४४९ हे वर्ष सांगते. दहा जणांच्या मंडळाने कायदे लिहिताना सत्ता बळकावली होती, त्यांना हुसकून जुनी व्यवस्था परत आणली ते हे वर्ष. पण नाव पक्कं रुजायला इ. स. पूर्व ३६७ चे कायदे कारण झाले असावेत, असं मला वाटतं. त्या कायद्यांनी दोन कॉन्सलांपैकी एक सामान्य, म्हणजे प्लेबियन, वर्गातला असण्याची वाट मोकळी केली आणि पुढच्याच वर्षी लुसियस सेक्स्टियस हा पहिला प्लेबियन कॉन्सल झाला. त्याच वेळी न्यायदानासाठी वेगळा प्रेटर नेमला. प्रेटर हे नाव त्याच्याकडे गेल्यावर वरच्या दोघांना आपलं असं नाव लागणारच होतं.

ग्रीकांनी मात्र या नावातलं विचारणं ऐकलंच नाही. इ. स. पूर्व १९८ चा कॉन्सल फ्लॅमिनिनस याने ग्रीक शहरांना लिहिलेल्या पत्रात त्याचं पद 'स्ट्रॅटेगोस हुपाटोस', म्हणजे सर्वोच्च सेनापती, असं येतं. पुढे नुसतं 'हुपाटोस' उरलं, सर्वांत वरचा. सैन्य घेऊन दारात उभा असलेला रोमन त्यांना तसाच दिसणार.

निवडणूक होई मार्स देवाच्या मैदानावर. उमेदवार खडूने पांढराशुभ्र केलेला टोगा घालून लोकांत फिरत. मतं माणशी मोजली जात नसत, ती १९३ गटांची मोजली जात. श्रीमंतांचे गट मोजकी माणसं असलेले पण संख्येने जास्त, आणि ते आधी मत देत. बहुमत झालं की मतदान थांबे. शेवटच्या, निर्धन गटाची पाळी बहुधा येतच नसे. लोकशाही म्हणून या पद्धतीचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पगार नव्हता. सिसेरोच्या काळात किमान वय ४२ होतं. पूर्वजांत एकही कॉन्सल नसलेला सिसेरो त्या वयाला पोचताच इ. स. पूर्व ६३ चा कॉन्सल झाला, आणि याचा अभिमान त्याने जन्मभर बोलून दाखवला.

या पदाचा सर्वांत खोल ठसा उमटला तो काळावर. रोमन माणूस वर्षाला आकडा देत नसे, दोन कॉन्सलांची नावं देत असे. आपल्याकडे संवत्सराला नाव असतं, पण प्रभव, विभव करत ती साठ नावं फिरून येतात. रोममध्ये प्रत्येक वर्षाचं नाव नवं, आणि ते लक्षात ठेवायचं तर साऱ्या इतिहासाची नामावळी पाठ हवी. करार, कर्ज, जन्म, सगळं या नावांनी नोंदलं जाई. दारूसुद्धा. इ. स. पूर्व १२१ मध्ये द्राक्षं अशी पिकली की त्या वर्षीच्या दारूला त्या वर्षीच्या कॉन्सलचं, लुसियस ओपिमियसचं नाव कायमचं चिकटलं. जवळजवळ दोनशे वर्षांनी थोरला प्लिनी हा लेखक लिहितो की, त्यातली थोडी अजून शिल्लक आहे, पण आटून आटून ती कडसर, खरखरीत मधासारखी झाली आहे आणि इतर दारूत चव आणायला थेंबभर वापरतात. याच ओपिमियसने त्याच वर्षी गायस ग्राकस या सुधारकाचा आणि त्याच्या हजारो अनुयायांचा रोममध्ये नायनाट केला. उत्तम दारू आणि रक्तपात, दोन्हींवर एकच शिक्का.

आपण १ जानेवारीला नवं वर्ष म्हणतो, त्यामागेही कॉन्सलच आहेत. पूर्वी ते १५ मार्चला पदावर येत. इ. स. पूर्व १५४ मध्ये स्पेनमधल्या सेगेडा या गावाने तटबंदी वाढवायला घेतली. रोमने हरकत घेतली आणि गोष्ट लढाईवर आली. मार्चमध्ये पद घेऊन, सैन्य जमवून स्पेनला पोचायचं तर लढाईचा हंगाम अर्धा सरणार. म्हणून इ. स. पूर्व १५३ पासून कॉन्सलांनी १ जानेवारीला सूत्रं घ्यायची असं ठरलं. स्वारी काही यशस्वी झाली नाही, त्या वर्षी ऑगस्टमध्ये कॉन्सल नोबिलियरच्या सैन्याने मोठा मार खाल्ला. तारीख मात्र राहिली.

दोघांच्या सत्तेची किंमत रोमने रणांगणावर मोजली आहे. इ. स. पूर्व २१६ मध्ये कॅनी इथे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्यासमोर दोन्ही कॉन्सल एकत्र होते आणि सेनापतिपद एक दिवस पॉलसकडे, एक दिवस व्हारोकडे (हा तो विद्वान व्हारो नव्हे) असं फिरत होतं. व्हारोच्या दिवशी लढाई झाली. पॉलस पडला, हजारोंच्या हजारो कापले गेले. व्हारो जिवंत परतला तेव्हा सिनेटने त्याला शिक्षा केली नाही. प्रजासत्ताकाची आशा सोडली नाहीस, म्हणून त्याचे आभार मानले. इतक्या मोठ्या पराभवानंतरही सत्ता एकाच्या हाती कायमची द्यावी, असं त्यांना वाटलं नाही. मला या पदाचा खरा बहर इथे दिसतो.

मोडतोड पुढे झाली, आणि ती आतून झाली. इ. स. पूर्व ५९ मध्ये ज्युलियस सीझर आणि बिब्युलस हे जोडीचे कॉन्सल. सीझरचा जमिनीचा कायदा बिब्युलसने अडवू पाहिला. फोरम या मुख्य चौकात त्याच्या अंगावर शेणाची टोपली उपडी केली, त्याच्या लिक्टरांच्या मोळ्या मोडल्या. उरलेलं वर्ष तो घरात बसला आणि आकाशात अपशकुन दिसत असल्याची पत्रकं काढत राहिला. सीझरने एकट्याने कारभार केला. लोक म्हणू लागले की, हे वर्ष ज्युलियस आणि सीझर या दोघांचं. इ. स. पूर्व ५२ मध्ये सेनापती पॉम्पेला एकट्यालाच कॉन्सल केलं. जोडीदाराविना कॉन्सल ही गोष्टच त्या पदाच्या मुळावर घाव घालणारी होती, आणि सिनेटनेच ती केली.

इ. स. पूर्व ४५ चा शेवटचा दिवस. एक कॉन्सल सकाळी मरण पावला. सीझरने दुपारी कॅनिनियस रेबिलस याला उरलेल्या तासांपुरता कॉन्सल निवडून घेतलं. सिसेरोने मित्राला पत्रात लिहिलं की, या कॉन्सलच्या कारकिर्दीत कोणी जेवलं नाही, कुठे गुन्हा घडला नाही, आणि कॉन्सल इतका दक्ष की तो झोपलाच नाही. पुढे तो लिहितो की, तुला हसू येईल, पण इथे असतास तर रडला असतास. ज्याने सारं आयुष्य या पदाला देव मानलं, त्याचं हे रडणं खरं होतं.

पहिला सम्राट ऑगस्टस स्वतः १३ वेळा कॉन्सल झाला, पण इ. स. पूर्व २३ मध्ये त्याने पद सोडलं आणि सत्ता दुसऱ्या अधिकारांच्या रूपाने स्वतःकडे ठेवली. त्याला कॉन्सल असण्याची गरज उरली नव्हती. मग ते पद बक्षिशीसारखं वाटलं जाऊ लागलं. वर्षात दोन-तीन जोड्या, मग अधिक. सम्राट कॉमोडसच्या कारकिर्दीत एका वर्षात २५ कॉन्सल झाले.

सत्ता गेली तरी झगमगाट वाढतच गेला. पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयात हस्तिदंताचा एक फलक आहे, साम्राज्याची पूर्वेकडची राजधानी कॉन्स्टँटिनोपल इथला, इ. स. ५०६ चा कॉन्सल अ‍ॅरिओबिंडस याचा. वर तो भरजरी वस्त्रात सिंहासनावर बसला आहे, उजव्या हातात गुंडाळलेला रुमाल उंच धरलेला. तो रुमाल खाली पडला की खेळ सुरू. खाली अर्धगोल रिंगणात माणसं श्वापदांशी झुंजताहेत आणि कठड्यावरून प्रेक्षकांची डोकी डोकावताहेत. असे फलक कॉन्सल आप्तेष्टांना भेट देत. ५२१ मध्ये जस्टिनियन, तेव्हा तो सम्राट नव्हता, कॉन्सल झाला आणि त्याने २,८८,००० सोन्याची नाणी खर्च केली. २० सिंह आणि ३० बिबळे एकाच वेळी रिंगणात सोडले. असला खर्च कोणत्या खासगी माणसाला झेपणार? त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस सांगतो की, त्यातला बराचसा भार शेवटी सम्राटाच्या तिजोरीवरच पडे. ५४१ मध्ये बॅसिलियस कॉन्सल झाला. त्याच्यानंतर जस्टिनियनने कोणालाच नेमलं नाही. पण वर्षांना नावं तर हवीत! म्हणून लोक 'बॅसिलियसच्या कॉन्सलपदानंतरचं दुसरं वर्ष', 'तिसरं वर्ष' असं मोजत राहिले. रिकाम्या जागेपासून मोजलेला काळ. पद कायद्याने रद्द व्हायला नवव्या शतकातला सम्राट सहावा लिओ यावा लागला.

पश्चिमेत रोमन सत्ता विरली तरी नावाचं तेज उरलं होतं. ५०८ मध्ये फ्रँकांचा राजा क्लोविस याला पूर्वेच्या सम्राटाकडून कॉन्सलपदाची सनद आली, तेव्हा तो टूर्स शहरात घोड्यावरून सोनं-चांदी उधळत गेला. ६०४ मध्ये वारलेल्या पोप ग्रेगरीच्या समाधिलेखात त्याला देवाचा कॉन्सल म्हटलं आहे.

मग अकराव्या शतकाच्या अखेरीला इटलीच्या शहरांना हे नाव पुन्हा सापडलं. पिसा, मिलान, जिनोआ. बिशप आणि सरदार यांचा धाक सैल झाला होता, व्यापारी आणि जहाजवाले बळावले होते, राजा नको होता आणि कारभार तर करायचा होता. त्यांनी आपल्या निवडलेल्या प्रमुखांना कॉन्सल म्हटलं. दोनच हवेत असा आग्रह त्यांनी धरला नाही, चार असत, सहा असत. पण निवड आणि मुदत या दोन गोष्टी त्यांनी घेतल्या. जिनोआत ११२२ पासून मुदत एका वर्षाची झाली, आणि त्या वर्षीच्या कॉन्सलांत कफारो होता. या माणसाविषयी मला फार आपुलकी वाटते. तरुणपणी तो पूर्वेकडच्या धर्मयुद्धावर जहाजाने गेला, अनेकदा कॉन्सल झाला आणि पाहिलेलं टिपत गेला. ११५२ मध्ये त्याने ती बखर शहराच्या कॉन्सलांपुढे ठेवली. त्यांनी ती सरकारी खर्चाने लिहून घेऊन दप्तरात ठेवायला सांगितली. त्या बखरीत प्रत्येक वर्षाला त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावं आहेत. बॅसिलियसनंतर सहाशे वर्षांनी एका बंदरातला माणूस पुन्हा तसा काळ मोजत होता. जिनोआत पुढे कॉन्सलांचे दोन प्रकार झाले, एक कारभार पाहणारे आणि दुसरे निव्वळ खटले चालवणारे. क्विंटिलियनने शंका म्हणून मांडलेला अर्थ इथे नोकरी म्हणून उभा राहिला.

हेच खटले जहाजांबरोबर समुद्रापार गेले. अलेक्झांड्रियात व्हेनिसकरांसाठी वखारीसारखं मोठं आवार होतं. खाली गोदामं, वर राहायच्या खोल्या, मध्ये चौक. रात्री आणि शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी त्याचा दरवाजा सुलतानाचे लोक बाहेरून बंद करत. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून, कैरोमार्गे तिथे येई. आतल्या व्यापाऱ्यांची आपसातली भांडणं सोडवायची, कोणी मेला तर त्याचा माल वारसांसाठी जपायचा, जकातवाल्याशी हुज्जत घालायची, प्रसंग पडला तर सुलतानापुढे उभं राहायचं, हे काम करणारा शहराने पाठवलेला माणूस म्हणजे कॉन्सल. देशबांधवांनी कर्ज बुडवलं तर तोही अडकायचा. बार्सिलोनाच्या व्यापाऱ्यांनी १२६० च्या दशकात आपल्या राजाकडून समुद्रापार कॉन्सल नेमण्याचा हक्क मिळवला. आजच्या वाणिज्यदूताचा पूर्वज हा आवारातला माणूस आहे, लिक्टर मिरवणारा सेनापती नव्हे. उस्मानी सुलतानांनी फ्रेंचांना, मग इंग्रजांना सवलती दिल्या आणि अलेप्पोपासून इझमीरपर्यंत असे कॉन्सल बसले.

१७९९ मध्ये नेपोलियनने फ्रान्समध्ये सत्ता घेतली आणि स्वतःला पहिला कॉन्सल म्हणवलं. दुसरे दोघे नावालाच. पाच वर्षांत तो सम्राट झाला.

या कथेत मुंबई येते ती झांझिबारमार्गे. १८४१ मध्ये मुंबई लष्करातला कॅप्टन अ‍ॅटकिन्स हॅमर्टन झांझिबारला ब्रिटिश कॉन्सल म्हणून गेला. तो ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधीही होता. त्या बेटावर कच्छी भाटिया आणि खोजा व्यापाऱ्यांचा मोठा जम होता. खुद्द सुलतानाची जकात वसूल करण्याचा मक्ता जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. हे हिंदी लोक कोणाची प्रजा, सुलतानाची की इंग्रजांची, यावर वर्षानुवर्षं झगडा चालला. १८५८ मध्ये आलेला रिग्बी, तोही मुंबई लष्करातलाच, म्हणाला की ते ब्रिटिश प्रजा आहेत आणि म्हणून त्यांना गुलाम बाळगता येणार नाहीत. त्याने त्यांच्याकडचे हजारो गुलाम सोडवले. व्यापारी चिडले, पण कायदा त्याच्या हातात होता. पुढे कॉन्सलच्या न्यायालयात हिंदी कायदे लागू झाले आणि तिथल्या निकालांवरचं अपील मुंबई उच्च न्यायालयात येऊ लागलं.

परक्या भूमीवर कॉन्सलने न्यायनिवाडा करणं हे बळाचं काम होतं आणि ते संपलं ते चांगलं झालं. २४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्नात झालेल्या करारात वाणिज्यदूताची कामं लिहून काढली. पासपोर्ट, व्हिसा, नोंदी, व्यापार, अडलेल्याला मदत. त्यातलं ३६ वं कलम अ‍ॅक्सियसच्या 'काळजी वाहणारा' या अर्थाजवळ येतं. परदेशी माणसाला अटक केली तर त्याला विनाविलंब सांगायचं की, तुला तुझ्या देशाच्या वाणिज्यदूताशी बोलायचा हक्क आहे. आणि दूताने भेटायला, वकील मिळवून द्यायला मागितलं तर अडवायचं नाही.

मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानने कुलभूषण जाधव या भारतीय नागरिकाच्या अटकेची बातमी दिली आणि त्यांच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवला. भारताने तो फेटाळला आणि पुन्हा पुन्हा एकच मागणी केली, आमच्या दूताला त्यांना भेटू द्या. भेट मिळाली नाही. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. मे महिन्यात भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. नागपूरच्या मातीतले वकील हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली, आणि त्यांच्या युक्तिवादाचा कणा हेच ३६ वं कलम होतं. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला. पाकिस्तानने जाधवांना त्यांचा हक्क सांगितला नाही आणि भारतीय दूतांना भेटू दिलं नाही, हा कराराचा भंग आहे. शिक्षेचा फेरविचार व्हावा.

२ सप्टेंबर २०१९ रोजी इस्लामाबादमधले भारताचे उपउच्चायुक्त गौरव अहलुवालिया जाधवांना भेटले. जाधव प्रचंड दबावाखाली दिसत होते, असं भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने नंतर सांगितलं. १६ जुलै २०२० रोजी भारतीय अधिकारी पुन्हा गेले. खोलीत पाकिस्तानी अधिकारी हजर होते, संभाषणाचं चित्रीकरण चालू होतं. वकील नेमण्यासाठी जाधवांची लेखी संमती हवी होती, ती घेता आली नाही. अधिकाऱ्यांनी आपला निषेध नोंदवला आणि ते तिथून निघाले.